आखूड पायाचे स्टूल

मी एक जुने लाकडी स्टूल आहे. माझी गोष्ट सांगण्यासारखी आहे की नाही, मला खात्री नाही. स्टुलाचे कोण ऐकणार? पण मित्रांनो, एका शुक्रवारी माझ्यावर उभे राहून तेवीस जण बोलले. त्यातले एक बोलणे मला अजून विसरता येत नाही. म्हणून धीर करते.

वसईच्या एका सुताराने मला फणसाच्या लाकडातून घडवले. ऑस्वल्ड आणि अँजेलीन कतारमध्ये दोह्याला निघाले, तेव्हा ऑस्वल्डने मला गोधडीत गुंडाळून विमानात चढवले. विमानतळावरचा माणूस म्हणाला, "तिकडे स्टूल मिळत नाही का?"

"मिळतं हो," ऑस्वल्ड म्हणाला. "पण बायकोचा पाय यालाच सरावलाय."

दोह्याच्या अल थुमामा भागातल्या त्यांच्या घरात मी वीस वर्षे राबले. लोणच्याच्या बरण्या काढायला मी, नाताळचा तारा टांगायला मी. अँजेलीन पाहुण्यांना सांगायची, "हे स्टूल म्हणजे माझी उंची." मग अॅल्युमिनियमची शिडी आली आणि मी मागच्या अंगणात गेले. एसीचे पाणी माझ्या एका पायावर वर्षभर ठिबकत राहिले. पाय कुजला, तेव्हा ऑस्वल्डने तेवढा भाग कापून टाकला. तेव्हापासून मी डुगडुगू लागले.

दर शुक्रवारी सकाळी अँजेलीनच्या हॉलमध्ये मराठीचा वर्ग भरतो. शिकवतात सुरेशकाका. एकदा वर्गापुढे एक प्रश्न आला. वर्गातल्या मिहीरचे वडील, अरुणकुमार, म्हणाले, "इथं दाटी होते. लुसैलला आमच्या टॉवरमध्ये मोठा हॉल आहे. वर्ग सुटला की मुलांना पोहायलाही मिळेल." मुलांनी टाळ्या वाजवल्या. वर्गातलीच ओवी म्हणाली, "मग जवळ राहणाऱ्यांनी काय करायचं?" असे दोन पक्ष झाले. लुसैलचा उमेदवार मिहीर, अल थुमामाची ओवी.

सुरेशकाका म्हणाले, "दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेच्या तेव्हाच्या पश्चिम कडेला नवी राज्यं उभी राहत होती. त्यांतल्या काही राज्यांत विधिमंडळाच्या निवडणुकीला चिठ्ठी नव्हती. मतदार अधिकाऱ्यापुढे यायचा आणि उमेदवाराचं नाव मोठ्यानं सांगायचा. लेखनिक ते वहीत उतरवायचा. उमेदवार तिथंच बसलेला असायचा. आपणही तसंच करू."

"बायकांना होतं का मत?" अँजेलीनने विचारले.

"नव्हतं. काळ्या लोकांनाही नव्हतं."

"मग तेवढं सोडून बाकीचं घ्या."

ठरले. मुले आणि पालक मिळून तेवीस मते. प्रत्येकाने उंचावर उभे राहून, मराठीत, पूर्ण वाक्यात मत द्यायचे. उंचावर म्हणजे कशावर? अँजेलीन अंगणात आली आणि तिने माझ्यावरची धूळ पुसली.

मतदानाच्या आधी मी दाराजवळ होते. तिथे डेरिल आपल्या दहा वर्षांच्या मुलीशी, हेझलशी, हळू आवाजात बोलत होता. डेरिल अरुणकुमारांच्या हाताखाली काम करतो. त्याची बायको आंद्रिया नर्स आहे. शुक्रवारी गाडी तिच्याबरोबर हॉस्पिटलला जाते. हेझल दोन गल्ल्या चालत वर्गाला येते. वर्ग लुसैलला, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला, तर तिचा वर्ग संपला.

"मिहीर म्हण आणि खाली उतर," डेरिल म्हणाला. "खलास."

"देन हाऊ विल आय कम, पप्पा?"

"बघू नंतर. त्याचे डॅडी समोर बसलेत. माझे बॉस आहेत ते."

हेझल आपल्या जागेवर जाऊन बसली.

एकेक जण माझ्यावर चढू लागला. चिठ्ठी असती तर कोणाला काय कळले असते? इथे प्रत्येक नावागणिक अरुणकुमार मान हलवत होते. त्यांनी कोणाला दटावले नाही. ते फक्त बघत होते. तेवढे पुरत होते.

हेझलचे नाव पुकारले. मिहीर शेजारच्याला म्हणाला, "ही मराठीत बोलणार? इन्शाल्ला!" मुले हसली. हेझल चढली आणि मी डुगडुगले. मित्रांनो, त्या क्षणी मला माझीच लाज वाटली. पडली असती तर? पण तिने पाय फाकवून तोल सावरला. वडिलांकडे पाहिले. मग अरुणकुमारांकडे पाहिले.

"माझं मत," ती म्हणाली आणि थांबली. "माझं मत ओवीला आहे. मला हे घर पाहिजे. मी इथे चालत येते."

"लिहिलं," सुरेशकाका म्हणाले.

ओवीने उठून आभार मानले. हेझल उडी मारून उतरली. ती घाबरली होती, हे फक्त मला ठाऊक, कारण तिच्या पायांचे तळवे घामेजले होते आणि माझी फळी ओली झाली होती.

शेवटचे मत डेरिलचे होते. तोपर्यंत दोघांना अकरा-अकरा मते झाली होती. डेरिल माझ्यावर उभा राहिला. त्याचे पाय मुलीच्या पायांपेक्षा जास्त थरथरत होते.

"मिहीर," तो म्हणाला.

"पूर्ण वाक्यात," सुरेशकाका हळूच म्हणाले.

"माझं मत मिहीरला आहे."

बारा-अकरा. वर्ग लुसैलला गेला.

पुढच्या शुक्रवारी सकाळी मला वाटले, आता पुन्हा अंगण. तेवढ्यात बेल वाजली. दारात हेझल, खांद्यावर दप्तर.

"आंटी, मी आले."

"अगं, आपण हरलो ना!"

"मी नाही हरले."

अँजेलीन बघतच राहिली. मग तिने सुरेशकाकांना फोन लावला. "काका, लुसैलचा वर्ग बाराला सुटला की इकडे या. एक विद्यार्थिनी बसलीय." दुपारी काका आले आणि एका मुलीचा वर्ग भरला.

वर्ग चालू असताना डेरिल ड्यूटीवरून परस्पर आला. त्याच्या हातात रबराचा जाड तुकडा होता. कोणाशी न बोलता त्याने मला उलटे केले आणि तो तुकडा माझ्या आखूड पायाला ठोकून बसवला. मला सुलटे करून हलवून पाहिले. मी हलले नाही. मग तो माझ्यावर चढला.

"काका, माझं मत ओवीला आहे."

सुरेशकाकांनी चष्मा काढला. "डेरिल, निकाल लागलाय. आता वहीत नाही लिहिता येणार."

"माहीत आहे. लिहू नका."

"पप्पा, खाली या," हेझल म्हणाली. "मी ऐकलं."

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू डुगडुगायला लागली तर तिला अंगणात टाकू नका. तिच्या पायाखाली काही तरी सरकवा. आणि कधी तुम्हाला सगळ्यांदेखत उभे राहून बोलायची वेळ आली, तर पाय थरथरतात म्हणून उतरू नका. मी तर तीन पूर्ण पायांवर आणि एका आखूड पायावर उभे राहिले. तेवीस माणसे पेलली. एकालाही पाडले नाही.