वाफेतलं प्यादं

साहेब, सार्वजनिक स्नानगृहातल्या आमच्या गरम पाण्याच्या हौदातून बुद्धिबळाचे पट तुम्ही उचललेत. आरोग्याला धोका म्हणे! कधी गळ्यापर्यंत पाण्यात बसून खेळलायत?

तिथं मी पिरोश्का मावशीकडून घोड्यासमोरच्या प्याद्यानं डाव सुरू करायला शिकत होतो. बुदापेश्तवर बर्फ पडायचा, कॉर्कचा पट पाण्यावर डुलायचा आणि समोरची काळी फौज वाफेत विरघळून जायची.

"मधलं प्यादं कुणीही ढकलतं, झोम्बोर," मावशी म्हणाली. "तू डाव्या घोड्यासमोरचं दोन घरं सरकव. मागं उंट बसव. तो वाफेतून आरपार बघेल."

"आणि काळ्यानं ते प्यादं खाल्लं तर?"

"सांगते रे मेल्या! मघाचा डाव हरलायस, आधी डुबकी मार."

हरणाऱ्यानं डोकं बुडवायचं, हा आमचा रिवाज. मी बुडालो. पाण्याखाली माझा उंट हिरव्या उजेडात तिरका पोहत चालला होता. वर आलो, तर तुमचा माणूस पट काखेत मारून उभा!

"नुसतं शिजत बसायला मी काय बटाटा आहे?" म्हणत मावशी निघून गेली, ती परत आलीच नाही.

काळ्यानं प्यादं खाल्लं तर पुढं काय, हे मला आता कोण शिकवणार? तुम्ही? बोला ना!