चार जुलैची तिसरी ओळ

मी एक जुना फलक आहे आणि मित्रांनो, आज माझं डोकं फिरलेलं आहे. वेस्ट व्हर्जिनियातल्या एका खाणगावात, वाचनालयाच्या दारात मी उभा असतो. काळी पाटी, आडव्या खाचा, खाचांत बसवायची पांढरी अक्षरं आणि वर काचेचं दार. माथ्यावर लिहिलंय, ‘आजच्या तारखेला’. गावच्या सुताराने मला अक्रोडाच्या लाकडात घडवलं, तेव्हा लोक वाट वाकडी करून मला वाचायला यायचे. आता माझी एक कड वाळवीने खाल्लीय, पण तिकडे बघायला वेळ आहे कुणाला!

चार जुलैला, म्हणजे देशाच्या स्वातंत्र्यदिनी, माझ्यावर तीन ओळी लागत. १८२६ साली दोन माजी राष्ट्राध्यक्ष एकाच दिवशी वारले. १८६३ साली यादवी युद्धात व्हिक्सबर्ग शहर पडलं. आणि १९३८ साली, सणाची सुट्टी न देता कंपनीने खाणीत उतरवलेले आपले अकरा जण गेले.

त्या अकरांत एमेट टॅकेट होता. त्याची लेक व्हर्ना तेव्हा सहा वर्षांची. प्रेत वर आलंच नाही, त्यामुळे थडगंही नाही. म्हणून दरवर्षी ती माझ्यापाशी येते आणि काच उघडून तिसऱ्या ओळीखाली फुलं ठेवते.

यंदा नगराध्यक्ष क्लेटन साइझमोरने ती ओळ उपटली. तिथे काय लावलं? ‘कलिंगड खाण्याची शर्यत, दुपारी दोन वाजता’!

व्हर्ना आली. वाचलं. तिचा चेहरा लालबुंद झाला.

“क्लेटन, माझ्या बापाची ओळ कुठाय?”

“व्हर्नामावशी, सण आहे हो आज! मिरवणूक निघायचीय. कशाला मढी उकरता?”

“मढं मिळालं असतं तर इथे कशाला आले असते? आणि दोन राष्ट्राध्यक्ष मेलेले चालतात होय रे तुला? ते म्हातारे होऊन अंथरुणात गेले. माझा बाप चौतीस वर्षांचा होता!”

“ते इतिहासात आहेत, मावशी.”

“आणि आम्ही काय, कोळशात?”

मेल्याने माझ्या काचेला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि बँडला हात केला. सगळे गेले त्याच्यामागे, टाळ्या पिटत.

मित्रांनो, मला रंग देऊ नका, वाळवीचं औषधही नको. फक्त मला वाचताना एकदा विचारा, की इथून कुणाला काढलं? आणि जरा लवकर विचारा. व्हर्ना अजून फुलं घेऊन उन्हात उभी आहे.