घाईने सोडलेला टाका

दवाखान्यात त्याला सगळे धाकटे डॉक्टर म्हणत. वरच्या मजल्यावर मोठ्या बाई बसल्या असताना दुसरं काय म्हणणार? बाईंनी काचबिंदूची ऑपरेशनं करता करता केस पिकवले होते. हा अजून चाळिशीलाही टेकला नव्हता, पण हात मोठा चलाख. हात चलाख असलेला बराच. जीभ त्याहून चलाख निघाली की माणूस गोत्यात येतो, आणि याच्या जिभेने त्याला एका शब्दात गोत्यात घातलं होतं. बाहेर कुणाला त्याचा पत्ता नव्हता. तेच तर त्याला खात होतं.

गोष्ट एका मिस्त्रीच्या डोळ्याची. फरशी बसवणं हा त्याचा धंदा. दोरी ताणून, लेव्हल लावून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सांधे असे सरळ नेई की नावं ठेवणाऱ्यानेही गुपचूप चहा पिऊन परत जावं. लहानपणापासून त्याच्या नाकावर जाड भिंगांचा चष्मा होता, उणे बाराचा. इतका मोठा उणे नंबर असला की डोळा मुळातच लांबट असतो आणि ताणून ताणून त्याची भिंत पातळ झालेली असते. त्यात त्याला काचबिंदू झाला, म्हणजे डोळ्यातला दाब वाढून आतली नस मरत चालली. थेंबांनी दाब आवरेना, तेव्हा ऑपरेशन ठरलं. बुबुळाच्या वर, पांढऱ्या भागात एक बारीकशी झडप करायची, आतलं पाणी तिच्याखालून हळूहळू झिरपू द्यायचं, आणि ते भसाभसा वाहून जाऊ नये म्हणून झडप टाक्यांनी घट्ट दाबून ठेवायची. जखम धरली की मग एकेक टाका लेझरने सोडायचा. सगळी गोम त्या सबुरीत आहे.

"लांब डोळ्याला घाई सोसत नाही," मोठ्या बाईंनी गावाला जाताना धाकट्या डॉक्टरला बजावलं होतं. "दाब थोडा वर राहिला तर राहू दे. असला डोळा एकदा मऊ पडला की आतला पडदा चुरगळतो. मी परत येईपर्यंत टाक्याला हात लावू नकोस."

त्याच्या हातून ऑपरेशन झकास झालं. पण त्याच रविवारी धाकट्या डॉक्टरला भरल्या सभागृहात दुसऱ्या डॉक्टरांपुढे बोलायचं होतं, आणि विषय नेमका हाच: मोठा उणे नंबर असलेल्यांच्या काचबिंदूची शस्त्रक्रिया. पडद्यावर दाखवायच्या आकड्यांत सगळे कसे शहाण्या मुलांसारखे ओळीत बसले होते आणि मिस्त्रीचा दाब तेवढा डोकं वर काढून होता. तो काही वाईट नव्हता, नुसता शोभत नव्हता. शुक्रवारी त्याने मिस्त्रीला मशीनसमोर बसवलं, "एक टाका सैल करतो, नेहमीचंच आहे," म्हणाला आणि टाका सोडला. रविवारी आकडा शोभला. टाळ्याही पडल्या.

सोमवारी मिस्त्री बायको-मुलीला घेऊन दारात हजर.

"डॉक्टर, सरळ रेघ नागमोडी दिसायला लागलीय," तो म्हणाला. "ही तुमच्या दाराची चौकटसुद्धा मला वाकडी दिसतेय."

डॉक्टरने डोळ्यात पाहिलं. दाब पार तळाला गेला होता. डोळा मऊ पडला होता आणि मागच्या पडद्यावर, नेमक्या मधोमध, सुरकुत्या उमटल्या होत्या. का, ते त्याला त्याच क्षणी कळलं. आणि कळल्यावर त्याने विचारलं काय, तर, "काही जड उचललंत का?"

मिस्त्री आठवू लागला. बिचारा सांगितल्याबरहुकूम राहिला होता. वाकला नव्हता, डोळा चोळला नव्हता, कामाला तर गेलाच नव्हता. "पोरीला उचललं," तो ओशाळून म्हणाला. "काल. धावत आली, बाबा घे ना म्हणाली, राहवलं नाही. एकदाच."

"तरीच," डॉक्टर म्हणाला.

एवढंच. बायकोने कपाळावर हात मारून घेतला. "सांगून सांगून माझ्या जिभेला फोड आले, वजन उचलू नका म्हणून! ऐकतंय कोण?" मिस्त्री मान खाली घालून बसला. दाराच्या चौकटीला चिकटून त्यांची सात वर्षांची मुलगी उभी होती, तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. डॉक्टरचं तर नव्हतंच. त्याला फक्त आपण सुटलो एवढंच कळत होतं.

आता एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू लागतोच. बाई परत आल्यावर त्याने सांगितलं की दाब फार चढत होता म्हणून टाका आधी सोडावा लागला, आणि त्यात पेशंटने वजन उचललं. बाई नुसत्या "अरेरे" म्हणाल्या. त्यांनी शंका घेतली असती तर बरं झालं असतं, असं त्याला त्या रात्री जेवताना वाटलं.

थेंब झाले, पट्ट्या झाल्या, वाट पाहून झाली. डोळा काही ताठ होईना. पडदा चुरगळलेला फार काळ राहिला तर सुरकुत्या कायमच्या बसतात, म्हणून झडप पुन्हा उघडून टाका नव्याने बांधायचा असं ठरलं. आदल्या दिवशी मिस्त्रीला तपासायला बोलावलं. सकाळी ऑपरेशन धाकटा डॉक्टरच करणार होता.

मिस्त्री आतल्या खोलीत थेंब घालून डोळे मिटून बसला होता, बायको त्याच्या शेजारी. मुलगी मात्र बाहेर, बाकाच्या अगदी टोकाला. डॉक्टरला वाटलं, दोन गोड शब्द बोलावेत. शरमलेला माणूस फार गोड बोलतो.

"काय गं, बाबांजवळ नाही बसायचं?"

"नको." तिने पाय वर घेतले. "मी जवळ गेले की ते मला घेतील."

"बरं, मग उद्यानंतर?"

"नंतर पण नको. मी आता त्यांना हातच लावत नाही. घरी पण लांबूनच बोलते." मग तिने हळूच विचारलं, "त्यांचा डोळा गेला तर माझ्यामुळेच ना?"

"असं कोण म्हणालं?"

"तुम्हीच. मी सांगितलं म्हणून बाबांनी मला घेतलं, आणि तुम्ही 'तरीच' म्हणालात."

भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात. दवाखान्याची फरशी कसली दुभंगतेय. तो तिथेच उभा राहिला, कानापर्यंत तापलेला. इतके दिवस त्याला वाटत होतं की आपण खापर फोडलं ते एका मोठ्या, धडधाकट माणसाच्या डोक्यावर, जो ते सोसेल. ते फुटलं होतं हिच्या डोक्यावर, आणि ही ते कुणाला न दाखवता घेऊन फिरत होती.

मग त्याने काय केलं? आजूबाजूला पाहिलं, कुणी ऐकत नाही याची खात्री करून घेतली आणि तिच्यासमोर उकिडवा बसला. शौर्य बघा: कबुली द्यायला माणूस निवडला तोही सात वर्षांचा.

"ऐक," तो कुजबुजला. "तुझ्यामुळे काही झालेलं नाही. मी बाबांच्या डोळ्यातला एक टाका फार लवकर सोडला. बाबांनी तुला उचलायच्या आधीच डोळा मऊ पडायला लागला होता. चूक माझी आहे."

"असं आई पण म्हणते," ती म्हणाली. "मला बरं वाटावं म्हणून."

"अगं, मी खरं सांगतोय."

"मग बाबांना का नाही सांगितलंत?"

उत्तर होतं, पण ते या पोरीला सांगण्यासारखं नव्हतं, आणि स्वतःलाही नाही. तो उठला. आतल्या खोलीत गेला आणि दार उघडंच ठेवलं.

त्याने सगळं सांगितलं. टाका, बाईंची ताकीद, रविवारचं भाषण, आकडा. मिस्त्रीची बायको नवऱ्याकडे वळली आणि त्याच्या बाहीवर हात ठेवून बसून राहिली. इतके दिवस तीही त्याला घालूनपाडून बोलली होती.

मिस्त्रीने डोळे उघडले. "म्हणजे त्या सोमवारी तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"पोर दारात उभी होती तेव्हा?"

"हो. तिच्याकडे मी बघितलंच नाही."

"बाळ, आत ये," मिस्त्रीने हाक मारली. मुलगी आली, खुर्चीपासून हातभर अंतरावर थांबली. "ऐकलंस ना?" तिने मान हलवली, पण हात पाठीमागेच धरून ठेवले. बापाने स्वतःचा हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. तिने आधी डॉक्टरकडे पाहिलं, आई काय म्हणते ते पाहिलं, आणि मग त्याच्या एका बोटाला जेमतेम बोट लावलं.

मिस्त्री बोलला तेव्हा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर डॉक्टरला सोपं गेलं असतं.

"चुका माझ्याही होतात," तो म्हणाला. "तुमचा हात चांगला आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण उद्या आत काही बिघडलं, तर तुम्ही ते मला सांगाल की नाही, हे आता मला कळायला मार्ग नाही. ऑपरेशन बाईंना करू द्या."

"बरं," धाकटा डॉक्टर म्हणाला, आणि बाईंना सगळं सांगायला जिना चढू लागला.