ऐंशीच्या वेगावरची शिट्टी

दातांची डॉक्टरीणबाई तिसऱ्यांदा गाडी घेऊन आली तेव्हा कानसेनच्या मनात पाल चुकचुकली. एकदा आली, ठीक. दुसऱ्यांदा आली, तेही समजू शकतं. पण तिसऱ्यांदा तीच तक्रार घेऊन येणारं गिऱ्हाईक साधं नसतं, त्याच्यामागे कोणीतरी असतं, असं त्याचं ठाम मत होतं. आणि ते कोणीतरी म्हणजे रस्त्यापलीकडच्या नव्या वर्कशॉपचा मालक, हेही त्याने हातातला कप खाली ठेवायच्या आत ठरवून टाकलं.

"मिस्त्री, शिट्टी गेली नाही," बाई दारातूनच म्हणाल्या. "काटा ऐंशीच्या वर गेला की सुरू होते. बारीक, सुईसारखी. दिवसभर माझ्या कानाशी ड्रिल चालू असतं हो. निदान घरी जाताना शांतता मिळावी म्हणून तुमच्याकडे आले."

बाईंची गाडी म्हणजे लालभडक, दोन सीटची, जमिनीला पोट घासेल इतकी बुटकी स्पोर्ट्स कार. अशा गाड्यांत टायरचा घरघराट आणि खडीचा ताडताड मारा थेट मांडीवर येऊन बसतो. हा आवाज बंद करायला कानसेनने ती पार सोलून काढली होती. सीटा बाहेर, गालिचा बाहेर, दारांची पॅनलं बाहेर. पत्र्यावर काळी चिकट शीट रोलरने दाबून बसवली, चाकांच्या कमानींवर दुहेरी थर दिला, त्यावर फोम, दारांना नवं रबर. आठ दिवसांचं काम. असं काम अख्ख्या शहरात कोणी करत नाही असं लोक म्हणत, आणि लोक विसरले तर तो स्वतः म्हणे.

कानसेन हे नाव काही उगाच पडलेलं नव्हतं. कोणत्या दारात स्क्रू सैल आहे हे तो डोळे मिटून सांगायचा. आवाज मोजायच्या यंत्राला त्याने कधी हात लावला नव्हता. काम झालं की गाडी तो एकटा पाण्याच्या टाकीपर्यंत चालवून आणायचा आणि समोरच्या काचेवर खडूने 'शांत' असं लिहायचा. तो शब्द उमटल्याशिवाय गाडी बाहेर जात नसे. त्या एका शब्दावर दोन घरं चालत होती, त्याचं आणि धाकट्या भावाचं. तो खोटा ठरला तर उद्या कानसेनला कोण विचारणार? आणि बाईंच्या काचेवर तो दोनदा लिहून झाला होता.

"टायरचा आवाज येतो का?" त्याने विचारलं.

"नाही. तो गेला."

"मग झालं तर!"

"अहो, तो गेला म्हणूनच ही ऐकू येते."

हे खरं होतं. मोठा आवाज गेला की त्याच्याआड लपलेले बारीक आवाज पुढे येतात, हे तोच गिऱ्हाइकांना शिकवायचा. त्याचंच वाक्य बाईंनी त्याच्या तोंडावर मारलं, म्हणून तो जास्तच भडकला. भावाच्या खणातलं यंत्र काढून गाडी फिरवून आला आणि आकडा बाईंच्या नाकासमोर धरला. "बघा. याहून शांत गाडी दाखवा मला."

दादाच्या हातात यंत्र बघून धाकटा हातातलं काम सोडून बघत राहिला. बाई गाडी ठेवून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कानसेनने गाडी पुन्हा तपासायला घेतली आणि उजव्या दाराशी थबकला. पॅनलची एक क्लिप काळी होती. तो आयुष्यभर पांढऱ्या क्लिपा वापरत आला होता. म्हणजे त्याने बंद केलेलं दार कोणीतरी उघडलं होतं. शेजारी 'शांत' लिहिलेली एक व्हॅन उभी होती, तीही त्याने तपासली. तिच्यातही काळ्या क्लिपा! मग त्याने सरळ भावाचा खण ओढला. आत काळ्या क्लिपांचं पाकीट, रबराचे तुकडे आणि संपत आलेली मास्किंग टेप. कुठेतरी पाणी मुरत होतं खास. तेवढ्यात मागच्या बाजूने भावाचा फोनवरचा आवाज आला.

"बाई, दुपारी या. दादा जेवायला घरी जातो तेव्हा. त्याला कळता कामा नये."

कानसेनच्या पायाखालची जमीन सरकली. ज्याला हाताला धरून रोलर फिरवायला शिकवलं, तोच धाकटा पाठीमागे कामं बिघडवून पलीकडच्याला जाऊन मिळणार! घरचंच माणूस असं वागत असेल तर कोणावर भरवसा ठेवायचा? आता त्याला बायकोचाही संशय येऊ लागला. मागच्या महिन्यात तिने दारावरची चांगली बेल काढून देवळाच्या घंटेसारखी ठणठणणारी बसवली होती. "जुनी बिघडली," म्हणाली. त्याने गुपचूप उघडून पाहिली, तर काही बिघडलेलं नव्हतं. घरीदारी नुसती लपवाछपवी.

दुपारी तो जेवायला म्हणून निघाला आणि कोपऱ्यावरून वळसा घालून परत आला. लाल गाडी जागेवर नव्हती. तो फाटकाआड फोमच्या गुंडाळ्यांवर बसून राहिला. अर्ध्या तासाने लाल गाडी आत शिरली. बाई चालवत होत्या, शेजारी धाकटा. उजव्या आरशाच्या बुडाशी टेप चिकटवलेली.

"काय कबूल केलंय पलीकडच्याने तुला?" कानसेन समोर उभा राहिला.

धाकट्याचा चेहरा पडला. "कोणी काही कबूल केलेलं नाही, दादा. शिट्टी आरशाच्या बुडातून येतेय. टेप लावली की थांबते."

"शिट्टी नाहीच आहे!"

बाईंनी आणि भावाने एकमेकांकडे पाहिलं. ती नजर कानसेनला फार झोंबली.

"बरं," तो म्हणाला. "आता मी सांगतो तसं करायचं."

त्याने बाईंना ऑफिसात बसवलं, दार ओढून घेतलं. भावाला फाटकाबाहेर पाठवलं. मग आरशाला त्याने सगळीकडून टेप गुंडाळली. फक्त खालच्या बाजूला, वाकल्याशिवाय दिसू नये अशी, कधी फट ठेवली, कधी बुजवली. एकाने गाडी घेऊन जायचं, येऊन फक्त हो किंवा नाही म्हणायचं, आणि दुसऱ्याशी अवाक्षर बोलायचं नाही. तीन फेऱ्या बाईंच्या, तीन भावाच्या. दोघांना खोटं पाडायला त्याला याहून पक्कं काही करता आलं नसतं.

उत्तरं तो फरशीवर खडूने लिहीत गेला. फट, हो. बुजवली, नाही. फट, हो. सहाच्या सहा बरोबर. त्याने वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं. चूक सापडेना.

मग फट उघडी ठेवून तो स्वतः गाडीत बसला. ऐंशी. नव्वद. टायरची खालच्या सुरातली गुणगुण ऐकू येत होती, सदऱ्यावर घासणारा पट्टा ऐकू येत होता, स्वतःचा श्वास ऐकू येत होता. त्याच्या वरच्या सुरात काहीच नव्हतं. गाडीत फार शांत होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला शांततेची भीती वाटली. पाण्याच्या टाकीपाशी त्याने गाडी वळवली आणि पुन्हा एकदा नव्वदपर्यंत नेली.

परत आला तेव्हा बाई दवाखान्यात निघून गेल्या होत्या.

"कधीपासून?" त्याने भावाला विचारलं.

"दीड वर्ष झालं. तू खडूने लिहिलंस की मी मागून एकदा चालवून बघतो, काही ऐकू आलं तर उघडून नीट करतो. टायर, दार, स्क्रू, ते सगळं अजूनही तुला माझ्याहून चांगलं कळतं, दादा. फक्त बारीक आवाज तेवढे... बाईंच्या गाडीत मला वाटलं, दाराच्या रबरातून येतेय. चुकलो मी."

"सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगणार? तुला कानसेन म्हणतात सगळे."

"आणि तुझ्या वहिनीला माहीत आहे?"

धाकटा खाली बघत म्हणाला, "तिने बेल उगाच बदलली का?"

जुनी बेल चिमणीसारखी चिवचिवायची. किती जण दाराशी उभे राहून परत गेले असतील, आणि तो आत पेपर वाचत बसला असेल. कानसेन पाना उचलून आरशाकडे वळला.

दोघांनी मिळून आरसा उतरवला, बुडाशी नवं रबर बसवलं. बसवताना कानसेन दोनदा भावावर खेकसला, तेव्हा धाकट्याला जरा बरं वाटलं.

"तू चालव," कानसेन म्हणाला. "मी शेजारी बसतो."

टाकीच्या रस्त्याला काटा ऐंशीवर गेला. कानसेन रस्त्याकडे बघत नव्हता, भावाच्या तोंडाकडे बघत होता.

"आता?"

"शांत."

"खरं सांगतोस?"

"खरं, दादा."

आजवर त्याने कोणाचा शब्द पडताळून पाहिल्याशिवाय घेतला नव्हता. हा पडताळायला त्याच्याकडे काही उरलं नव्हतं. फाटकात गाडी थांबली तशी त्याने खिशातून खडू काढला आणि भावाच्या हातात ठेवला.

"लिही," तो म्हणाला. "आणि अक्षर जरा नीट काढ."