अकरा मूर्च्छित मुली

न्यूयॉर्कच्या त्या साप्ताहिकात पुरुष लिहीत आणि बायका तपासत. एकोणीसशे छप्पन साली या श्रमविभागणीला कोणी अन्याय म्हणत नसे. तिला परंपरा म्हणत. लेखकाचे नाव छापले जात नसल्यामुळे त्याला चुकण्याचे संपूर्ण स्वातंत्र्य होते. व्हर्ना हॅल्व्हरसनला ते नव्हते. मजकुरातल्या प्रत्येक शब्दाची खातरजमा करून त्याच्या डोक्यावर लाल पेन्सिलीने टिंब द्यायचे आणि कागदाच्या तळाशी आपली आद्याक्षरे घालायची, हे तिचे काम. तक्रारीचे पत्र आले की तो कागद कपाटातून बाहेर निघे. मार्चमध्ये मर्टल नावाची तपासनीस अशीच घरी गेली होती. एका सेनेटरच्या पत्नीचे वय लेखकाने अंदाजाने लिहिले होते. टिंब मात्र मर्टलचे होते.

त्या शनिवारी दुपारी व्हर्नापुढे प्रेंटिस लोरिंगचा लेख आला. विषय लोनी प्रुइट, वय वीस, आर्कान्सॉचा गायक. गाताना तो कमरेखाली जे करतो त्यावर देशातले सारे विचारवंत आठवड्याभरात तज्ज्ञ झाले होते. लोरिंगने त्याला पाहिले नव्हते की ऐकले नव्हते, त्यामुळे लेखाला एक प्रकारची एकाग्रता आली होती. लिटल रॉकच्या कार्यक्रमात अकरा मुली मूर्च्छित पडल्या; संतप्त मंडळींसह एका पाळकाने त्याच्या गाण्यांच्या तबकड्यांची होळी केली; एका मानसशास्त्रज्ञाला रोमच्या पतनाची आठवण झाली. रोमचे पतन व्हर्नाने मूळ लॅटिनमध्ये वाचले होते. लोरिंगने ते बहुधा सिनेमात पाहिले असावे.

पाचला पाने छापखान्याकडे जायची होती. तिने फोन उचलला.

"अकरा? छे हो बाई!" सभागृहाचा व्यवस्थापक म्हणाला. "एकच पडली. पोलिसातल्या बाई, बंदोबस्ताला होत्या. त्रेपन्न वर्षांच्या. त्या लोकरी गणवेशात तुम्हीही आडव्या झाला असता."

"गाण्यामुळे नाही?"

"डाव्या कानानं त्यांना ऐकूच येत नाही, आणि स्टेज डावीकडे होतं."

पाळक रेव्हरंड ऑगल मोकळेपणाने बोलले. "होळी केली, नाही कशाला म्हणू? पण माझ्या घरी कुठल्या आल्यात रेकॉर्डी! तुमच्याच फोटोवाल्यानं दुकानातून आणून दिल्या, चाळीस. पेटेनात, म्हणून रॉकेलही त्यानंच आणलं. भला माणूस."

"आणि संतप्त मंडळी?"

"मंडळी मासे धरायला गेली होती हो. मी होतो आणि आमची ही होती. तिनं दोन रेकॉर्डी गुपचूप बाजूला काढल्या."

मानसशास्त्रज्ञ चकित झाला. "मी एवढंच म्हणालो की रोमला यंदा फार उकडत होतं. सुट्टीला गेलो होतो."

उरली गायकाची आई. "लोनी भेंडी खात नाही, हे अगदी खरं," ती म्हणाली. "तळलेलीसुद्धा नाही. आता तुम्हीच सांगा, असं पोर पोसायचं कसं?" नाव-गाव सोडता, रेकॉर्ड कंपनीच्या जाहिरातीतून लोरिंगने जसेच्या तसे उतरवलेले ते एकच वाक्य सत्य निघाले.

चार वाजता ती संपादक गॅन्टच्या खोलीत गेली. लोरिंग आधीच तिथे होता, टेबलावर पाय टाकून. नऊशे शब्दांच्या कागदावर टिंबे होती एकतीस.

"अगं राणी, हे काय?" लोरिंग म्हणाला. "गोवरसुद्धा याहून दाट येतो!"

"मुली पडल्या नाहीत, मिस्टर लोरिंग."

"नसतील पडल्या. पण वातावरण तर पडण्याचंच होतं ना?"

"वातावरणावर टिंब देता येत नाही."

लोरिंगने कागद ओढला आणि भराभरा प्रश्नचिन्हे टाकली. अकरा मुली मूर्च्छित पडल्या काय? प्रुइट हा नव्या रोमचा अंत आहे काय? "घे! प्रश्न कधी खोटा असतो का? आता दे टिंबं, शहाण्यासारखी."

अथेन्समध्ये या युक्तीला शिष्य मिळाले असते. व्हर्नाचा हिशेब त्याहून साधा होता. टिंबे दिली, तर लिटल रॉकहून पत्रे येताच नोकरी जाणार. न दिली, तर आत्ताच जाणार. हट्टासाठी काढलेल्या बाईला या शहरातले दुसरे कुठलेही साप्ताहिक दारात उभे करणार नव्हते.

"मी देणार नाही," ती म्हणाली. "ज्यांना हे खरं वाटतं त्यांनी द्यावीत. ही पेन्सिल. आद्याक्षरं तळाला, उजवीकडे."

लोरिंगने पाय खाली घेतले. "माझं काम लिहिण्याचं."

"आणा ती इकडे!" गॅन्ट कडाडला. "बावीस वर्षं हे साप्ताहिक चालवतोय मी. टिंबं द्यायला काय अक्कल लागते?"

'लोनी'वर, व्हर्नाच्याच टिंबावर, त्याने टिंब ठोकले. 'प्रुइट'वर ठोकले. 'वीस'वरही. 'अकरा'वर पेन्सिल अधांतरी थांबली.

"प्रेंटिस, अकरा कुठून आणल्यास?"

"दहा फार गुळगुळीत वाटत होतं."

"मग बारा?"

"बारा म्हटलं की बायबल आठवतं."

गॅन्टने अकरा मुली खोडल्या. तळाशी स्वतःची आद्याक्षरे घालायची असली की मनुष्याच्या ठायी ज्ञानमीमांसा विनासायास उपजते.

"होळीचं काय?" त्याने विचारले. आवाज उतरला होता.

"रेकॉर्डी आपल्या. रॉकेल आपलं," व्हर्ना म्हणाली.

"आणि काडी?"

"ते विचारायचं धाडस झालं नाही."

होळी गेली. रोम गेले. पाचला पाच मिनिटे कमी असताना कागदावर राहिले ते एकतीस शब्द: नाव, वय, गाव, गाण्यांची यादी आणि भेंडी. गॅन्टने पेन्सिल तळाच्या कोपऱ्यात टेकवली, पुन्हा उचलली आणि कागद व्हर्नाकडे सरकवला. तिने एकतीसही शब्द पुन्हा वाचले आणि आद्याक्षरे घातली.

"पान मोकळं पडलं की हो," लोरिंग हताशपणे म्हणाला.

"प्रुइटचा फोटो वाढवा," गॅन्ट म्हणाला. "कडेपर्यंत."

तसे झाले. राष्ट्राला ज्या पायांपासून वाचवायचे होते, ते घोट्यापासून कमरेपर्यंत, पूर्ण पानभर, राष्ट्राच्या दिवाणखान्याकडे रवाना झाले.

व्हर्नाने टोपी घेतली. गॅन्ट मान वर न करता म्हणाला, "सोमवारी वेळेवर या, मिस हॅल्व्हरसन. दहाला."

"मी रोज नऊला येते, मिस्टर गॅन्ट," ती म्हणाली. "आठ वर्षं झाली."