आग्नेय कोपऱ्यातली कॉइल

गणपत परबांच्या घरची विजेची शेगडी चार महिन्यांत तिसऱ्यांदा बिघडली, आणि तिन्ही वेळा बिघडली ती मागच्या डाव्या कोपऱ्यातली कॉइलच. बाकीच्या तिन्ही ठणठणीत. करी रोडच्या टॉवरमध्ये, बाविसाव्या मजल्यावर, ही चार कॉइलची, खाली भट्टी असलेली अवजड शेगडी आली ती मुलाच्या, निलेशच्या साहेबांमुळे. साहेब परदेशी निघाले आणि जाताना आपलं ओझं हाताखालच्या माणसाच्या गळ्यात घालून मोकळे झाले.

मेकॅनिक दोनदा आला. दोन्ही वेळा त्याने कॉइल बदलली, चहा घेतला आणि गेला. तिसऱ्या वेळी त्याने फोनवरच निकाल दिला, "माल जुना झाला साहेब, काढून टाका." निलेशला तेवढंच हवं होतं.

"रविवारी भंगारवाला येतोय. त्याच दिवशी इंडक्शन लावून टाकू," तो म्हणाला. "आई, एकदम सेफ. ना आग, ना धग."

"ता इला तर मी सैपाकघरात पाय ठेवचंय नाय," नलू म्हणाली. "माका विस्तव दिसूक होयो."

गणपत चाट पडला. पन्नास वर्षांच्या संसारात बायकोने चूल सोडून स्टो घेतला, स्टो सोडून गॅस, गॅस सोडून ही शेगडी, पण कधी हूं की चूं केलं नव्हतं. मग आताच हिचं काय बिनसलं? विचारून उपयोग नव्हता. नलू एकदा गप्प बसली की भिंत परवडली. पण ती बोलल्याप्रमाणे वागणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे रविवारच्या आत दोष सापडायलाच हवा.

त्यात त्याचा स्वतःचाही थोडा स्वार्थ होता. मिल बंद होईपर्यंत गणपत तिथे वायरमन होता. साचेखात्यातला कुठला साचा, म्हणजे माग, का अडला, हे तो दारातून आवाज ऐकून सांगायचा. पण गेल्या दिवाळीत कंदिलाची वायर जोडताना त्याचा हात थरथरला, ते निलेशने पाहिलं, आणि तेव्हापासून घरात बल्ब बदलायचीही त्याला बंदी. शेगडी दुरुस्त करून एकदा पोराच्या तोंडावर मारावी, असं त्याला फार वाटत होतं.

गुरुवारी निलेश ऑफिसला गेल्यावर त्याने बाह्या सरसावल्या. मेन स्विच बंद केला आणि वर टेस्टर लावून खात्री केली. हाताचा भरवसा नसला तरी पद्धतीचा होता. मग त्याने आजारी कॉइल उपसून शेजारच्या जागी बसवली आणि शेजारची धडधाकट कॉइल कोपऱ्यात. मेन चालू केला. आजारी कॉइल मजेत लाल झाली! आणि धडधाकट कॉइल कोपऱ्यात थंडगार पडून राहिली.

"म्हणजे त्या गाढवाने दोनदा चांगली कॉइल बदलली," गणपत स्वतःशीच म्हणाला. त्याला मनापासून आनंद झाला. दोष कॉइलचा नव्हता, ती जिथे खुपसतात त्या सॉकेटचा होता. नवी कॉइल खुपसताना तो थोडा खरवडला जायचा आणि काही दिवस चालायचा, इतकंच.

पण सॉकेट का जळावं? आणि तेवढंच का? मेन पुन्हा बंद करून, कॉइल निवल्यावर त्याने कोपऱ्यातला सॉकेट सोडवला, खिडकीशी नेला, चष्मा कपाळावर चढवून डोळ्यांजवळ धरला. आत काळा, चिकट थर साचला होता. त्याने सुईने कोरून काढला. दूध उतू गेलं असेल? पण दुधाचा असा वास येत नाही. त्याने हुंगलं. तूप. पुन्हा कोरलं, तर जळून मोहरीएवढी झालेली कसलीशी शितं निघाली. एक, दोन, पाच, नऊ.

कोपऱ्यातल्या कॉइलवर भात कधी चढतच नव्हता. भात समोरच्या मोठ्या कॉइलवर व्हायचा. गणपत ती शितं तळहातावर घेऊन दारात तांदूळ निवडत बसलेल्या नलूपुढे उभा राहिला.

"ह्या काय गो?"

नलूने पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला. "माझ्यामुळा बिघाडली?"

"आधी सांग तरी, ह्या काय?"

"पयलो घास," ती म्हणाली. "विस्तवाक. तुमच्याच आवशीन सांगल्यान, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. घरात कोणी जेवच्या आधी शीतभर भात आणि तुपाचो थेंब. आग्नेय कोपऱ्यात."

गणपतने मान वळवून शेगडीकडे पाहिलं. मागचा डावा कोपरा. खिडकीतून येणाऱ्या सकाळच्या उन्हावरून त्याने दिशा जुळवली. बरोब्बर आग्नेय. चार महिने मेकॅनिकला न सुटलेलं कोडं त्याच्या आईने घालून ठेवलं होतं, आणि पन्नास वर्षं नलूच्या हातचं जेवून त्याला त्याचा पत्ता नव्हता. मिलच्या पहिल्या पाळीला तो नेहमी अंधारातच निघायचा, आणि मिल बंद झाल्यावरही ताट समोर येण्याआधी स्वयंपाकघरात कधी डोकावला नव्हता.

"संपात पण?" त्याने विचारलं. मिलच्या संपाच्या त्या दिवसांत दोन वेळच्या जेवणाची मारामार होती.

"संपात तूप खय होता? नुसता शीत ठेवलंय," नलू म्हणाली. "पण चुकवूक नाय."

गणपतने तळहातावरची शितं सांडू न देता मूठ मिटली.

शुक्रवारी तो जळका सॉकेट रुमालात बांधून विजेच्या सामानाच्या बाजारात, लोहार चाळीत गेला, सहा दुकानं पालथी घातली आणि तसलाच नवा घेऊन आला. शनिवारी तो बसवला. संध्याकाळी निलेश घरी आला तेव्हा कोपऱ्यातली कॉइल लालबुंद पेटली होती.

"आयला, बाबा! तुम्ही केलंत?" निलेश वाकून बघायला लागला. "काय झालं होतं नेमकं?"

ह्याच प्रश्नासाठी गणपत तीन दिवस जीव टांगून बसला होता. नलू ओट्याशी, दोघांकडे पाठ करून उभी होती आणि तिचा हात कढईवर थांबला होता. खरं सांगितलं असतं तर तिला शेगडीपाशी फिरकूही दिलं नसतं पोराने.

"माझा चहा उतू जायचा," गणपत म्हणाला. "दुपारचा, चोरून करायचो तो. सॉकेटमध्ये गेला."

"तरी मी सांगत होतो हात लावू नका म्हणून!" निलेश भडकला. "शेगडी राहू दे आता, चालतेय तर. पण तुम्ही तिच्याजवळ जायचं नाही. कळलं?"

"कळलं," आयुष्यात कधी कामात चूक न केलेला वायरमन म्हणाला.

रविवारी सकाळी निलेश आंघोळीला गेल्यावर नलूने गणपतला खुणेने आत बोलावलं. गणपतने डब्याचं स्टीलचं एक छोटं झाकण शोधून ठेवलं होतं, म्हणजे तूप आता खाली गळणार नव्हतं. नलूने त्यावर भाताचं शीत ठेवलं, तुपाचा थेंब सोडला आणि झाकण त्याच्याच हातात दिलं.

"आज तुमी ठेवा."

त्याचा हात थरथरत होता. नलूने मनगट धरलं आणि दोघांनी मिळून झाकण कॉइलवर टेकवलं. शीत आधी फुगलं, मग कडेने तांबूस झालं, मग काळं. गणपत वाकून शेवटपर्यंत बघत राहिला.

"इतको येळ लागता?" त्याने विचारलं.

"रोज," नलू म्हणाली.