नऊ किलोमीटर अलीकडे

"कमरेला दोर बांधल्याशिवाय कुणी खाली उतरायचं नाही," ड्रायव्हर वित्याने बजावलं आणि फावडं घेऊन स्वतःच उतरला. दर अर्ध्या तासाने तो बसच्या धुराच्या नळीभोवतीचा बर्फ काढत होता. नाही काढला तर धूर आत शिरतो आणि माणसं बसल्या जागी झोपतात ती कायमचीच. बाहेर बुरान, म्हणजे बर्फाचं वादळ, सुटलं होतं. बुरानात पुढे-मागे, वर-खाली असं काही उरत नाही, सगळं एकच पांढरं होतं. आम्ही अकरा जण कारासूच्या शाळेच्या नऊ किलोमीटर अलीकडे अडकलो होतो.

त्या शाळेच्या बॉयलरघरात मी एकवीस वर्षं कोळसा घालते. पाळ्या दोन आणि माणसं दोन, मी आणि झाकिप. एक आल्याशिवाय दुसऱ्याने हलायचं नाही. भट्टी विझली की नळ्या गोठून फुटतात आणि वसतिगृहातली ऐंशी पोरं गारठतात. झाकिप काल संध्याकाळपासून तिथे होता, आणि आज सकाळी शहरात त्याच्या लेकीची, अकबोताची पाठवणी होती. आमच्याकडे बाप दोन्ही हात उचलून आशीर्वाद देतो आणि मग मुलगी उंबरा ओलांडते, मागे वळून न बघता. "कुलाश आपा, सहाच्या बसने या हं," असं त्याने मला चारदा सांगितलं होतं. "तीच बस परत फिरते. तिने मी आठला घरी पोचतो."

मी निघाले ती आठच्या बसने.

उशीर झाला म्हणून नव्हे. मी पाचला उठले, चहा प्याले, बूट चढवले आणि स्वयंपाकघरात बसून राहिले. झाकिपने अख्ख्या गल्लीला बोलावलं होतं. शाळेच्या शिपायालाही बोलावलं होतं. मला मात्र साधं 'या' म्हणाला नाही, आणि पाळीला मात्र मीच हवी. मिरच्या झोंबल्या मला. म्हटलं, फुटू दे जरा घाम. आमच्याकडे नऊचं कार्य अकराला लागतं, धावतपळत पोचेल बापडा. रेडिओवर बुरानचा इशारा सांगत होते, पण रुसलेल्या माणसाला रेडिओ ऐकू येत नाही.

अकराच्या सुमाराला दारावर थाप पडली. वित्या दोर ओढत वर आला आणि दोराला धरून मागोमाग तिघं आली. एक तरुण, एक जाडजूड बाई आणि पुरुषी मेंढीकातड्याच्या कोटात बुडालेली एक मुलगी. कोटाखाली पांढरा झगा दिसत होता.

"मागे यांची गाडी रुतलीय," वित्या म्हणाला. "सरका जरा, नवरी आहे."

मुलीने पापण्यांवरचा बर्फ पुसला आणि मला पाहिलं. "कुलाश आपा? तुम्ही इथे कशा?" मग तिच्या ध्यानात आलं. "म्हणजे बाबा अजून तिथेच?"

"घरी नाही पोचला?" मी विचारलं. विचारायची काय गरज होती?

"खूप वाट बघितली. मग सगळे घाई करायला लागले, रस्ता बंद होईल म्हणून. शेवटी थोरल्या काकांनी आशीर्वाद दिला." ती माझ्या शेजारी बसली आणि तिने कोटातून एक पुडकं काढलं. "हे तुमचंच आहे. तिठ्यावर बसवाल्याकडे देणार होते."

समारंभाला न आलेल्या माणसाला ताटातलं बांधून पाठवायची आमची रीत आहे. पुडक्यात बौरसाक, म्हणजे कणकेचे तळलेले गोळे होते, घोड्याच्या मांसाचे चार जाड तुकडे होते आणि मूठभर चॉकलेटं.

"बाबांनी काल भट्टीवरून फोन केला होता," ती म्हणाली. "आईला म्हणाले, पहिलं ताट आपांचं बांध. माझ्या जागी त्या भट्टीपाशी बसणार, त्यांना या म्हणायला तोंड कुठाय मला?"

"पोरी," मी म्हणाले, "सहाची बस मी मुद्दाम सोडली. बोलावलं नाही म्हणून."

"मानपानासाठी?" जाडजूड बाई म्हणाली, ती त्या तरुणाची, म्हणजे नवरदेवाची आत्या होती. "वा गं बाई. पोरीचा बाप तिकडे कोळशात आणि तुझं आपलं नाक वर."

अकबोता गोठलेल्या काचेकडे बघत राहिली. मग तिने एक बौरसाक मोडला आणि अर्धा माझ्या हातावर ठेवला. "खा," म्हणाली. "ताटातलं परत नेत नाहीत." मी तो खाल्ला. उरलेलं बसभर वाटलं.

दोनला वारा जरा पडला. नवरदेवाच्या गावचा ट्रॅक्टर तिठ्यावरून आला आणि तिला घेऊन उत्तरेला वळला. कारासूचा रस्ता सरळ जातो. त्या रस्त्याकडे तिने एकदा पाहिलं, पण तिथे दिसण्यासारखं काही नव्हतं.

बर्फ काढणारी गाडी आल्यावर चार वाजता मी बॉयलरघरात पोचले. झाकिपने दाढी केली होती. त्याचा नवा कोट वर्तमानपत्रात गुंडाळून खिळ्याला टांगलेला होता.

"रस्ता?" त्याने विचारलं.

"शहराकडचा अजून बंद आहे. झाकिप, अकबोता बसमध्ये होती. आमच्यातच." मी थांबले असते तर बोलू शकले नसते. "सहाची बस मी मुद्दाम सोडली."

त्याने फावडं उचललं, भट्टीत तीन वेळा कोळसा टाकला आणि दार लावलं. दाबाचा काटा पाहिला.

"आशीर्वाद कुणी दिला?"

"थोरल्या काकांनी."

"डोक्यावर काय होतं तिच्या?"

"पांढरा रुमाल. कडेला निळी वेल होती."

"तिच्या आईचा," तो म्हणाला. स्टूल ओढून तो भट्टीकडे तोंड करून बसला. त्याची पाठ तेवढी मला दिसत होती. "बसच्या दारातून आत आली, तिथून सांगा."

मी ट्रॅक्टर वळेपर्यंतचं सगळं सांगितलं.

"पुन्हा सांगा," तो म्हणाला. "दारातून आली, तिथून."